ओलांडलेली केरसुणी

माझ्या भाचीच्या लग्नात नवरानवरी झाडूवरून उडी मारणार आहेत, हे ताईने फोनवर सांगितले तेव्हा आपण काहीतरी चुकीचे ऐकले असेच मला वाटले. ज्या केरसुणीला आपण लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहतो आणि जिला चुकून पाय लागला तर वाकून नमस्कार करतो, ती भर मांडवात आडवी ठेवून ओलांडायची, तीही मंगळसूत्र घातल्यावर लगेच? अमेरिकेतल्या व्हर्जिनियात 18 वर्षे काढूनही या गोष्टीने मी जेवढी अस्वस्थ झाले, तेवढी मुलगा कृष्णवर्णीय आहे हे कळल्यावर झाले नव्हते. निदान मला आठवते ते असे.

मुलाची आजी मूळची व्हर्जिनियातल्याच रिचमंडची. झाडू जमिनीवर न ठेवता कुणी बाजूला हातात धरला तर चालेल का, असे मी त्यांना नम्रपणे विचारून पाहिले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे नकार दिला. गुलामगिरी 1865 मध्ये संपेपर्यंत गुलामांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती. मालकाच्या मनात आले की नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे विकली जाई, आणि त्या विक्रीचा देशातील एक मोठा बाजार याच रिचमंडच्या शॉको बॉटम भागात भरत असे. अशा माणसांनी आपल्या लोकांसमोर झाडू ओलांडला की त्यांच्यापुरते लग्न लागले. सरकारी दफ्तरात त्याची नोंद नसे. हे ऐकल्यावर माझ्या केरसुणीबद्दल पुढे बोलण्यासारखे फारसे उरले नाही, तरी माझी कुरकुर दोन दिवस चालूच होती.

त्यात त्यांच्याकडूनही एक विनंती आली: अंतरपाटावर कुंकवाचे स्वस्तिक नको, पाहुण्यांना त्यात हिटलर दिसेल. मी संतापले. हजारो वर्षांचे शुभचिन्ह आम्ही का पुसावे? भाचीने आमच्या वादाची वाट न पाहता त्या जागी ‘श्री’ काढून टाकले.

इथला इतिहास काढून आपण किती बरे, असे म्हणण्याचा मोह मला नेहमी होतो. याच व्हर्जिनियात 1958 मध्ये रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या जोडप्याला, तो गोरा आणि ती काळी म्हणून, रात्री झोपेतून उठवून अटक झाली आणि असे लग्न गुन्हा ठरवणारा तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने 12 जून 1967 रोजी रद्द केला. गंमत अशी की तो कायदा गोऱ्यांचा वंश ‘शुद्ध’ राखण्यासाठी होता. आमची भाची आणि तिचा नवरा त्यात एकाच रकान्यात बसले असते. 1923 मध्ये भगतसिंग थिंड या भारतातून आलेल्या गृहस्थांनी अमेरिकन नागरिकत्वासाठी उच्च जातीचे असल्याचा दाखला देत आपण गोरेच आहोत असा दावा केला होता, तोही याच न्यायालयाने फेटाळला.

लग्न उत्तम झाले. नवऱ्याने फेट्याबरोबर खांद्यावर घानाच्या केन्टे कापडाचा पट्टा घेतला होता, आणि ‘सावधान’ येण्याची वाट न पाहता त्याचे मामा प्रत्येक ओळीला अक्षता टाकत होते. उडी मारण्यापूर्वी भाचीने फितींनी सजवलेल्या झाडूला वाकून हात लावला आणि तोच हात कपाळाला नेला. तिला हे कुणी शिकवले, ते मला माहीत नाही.

इथे विवाहाचा परवाना त्याच दिवशी मिळतो आणि 60 दिवस चालतो. आपल्याकडे विशेष विवाह कायद्याखाली 30 दिवस आधी नोटीस लावावी लागते, आणि 1999 मध्ये साताऱ्यात माझ्या चुलत बहिणीचे आंतरजातीय लग्न घरी कळले ते त्या नोटिशीमुळेच. तिच्या लग्नाला आमच्याकडून कुणीही गेले नाही. माझी तेव्हा परीक्षा होती, आणि ती खरोखरच होती.

परवा कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी भाचीच्या लग्नाचे फोटो टाकले. चुलत बहिणीने झाडूबद्दल काही विचारले नाही. “तुम्ही सगळे गेला होतात का?” एवढेच तिने विचारले, आणि सगळे गेलो होतो असे मी कळवले.