तुम्ही विचारलंत म्हणून: आईला ट्रेलरने का नेलं

"७८ वर्षांच्या बाईला त्या डब्यात घालून न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियापर्यंत कशाला फरफटत नेलंस?" मंडळाच्या हळदीकुंकवाला हे विचारून झालंय, दहिवडीच्या एसटी स्टँडवर विचारून झालंय. दादा तर फोनवर "बाकी काय" म्हणाला की मी ओळखते, आता तेच येणार. तर एकदाच सांगते.

डबा म्हणजे आमचा ट्रेलर, ट्रकला मागे जोडायचं चाकांवरचं घर. पहिली गोष्ट, आईला डब्यात घातलं नव्हतं. चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवणं इथल्या बऱ्याच राज्यांत बेकायदा आहे. ती माझ्या आणि नवऱ्याबरोबर पिकअप ट्रकमध्ये होती, मागच्या सीटवर, पाठीला उशी लावून. डबा नुसता मागून येत होता. दुसरी गोष्ट, पैसे वाचवायला हे केलं नाही. मागे ट्रेलर जोडला की आमचा ट्रक गॅलनला जेमतेम दहा मैल देतो. तीन विमान तिकिटं स्वस्त पडली असती. हिशेब मलाही येतो.

मग का? मुंबईहून नेवार्कला उतरली तेव्हा आईचे पाय सुजून चपला चढत नव्हत्या. "आता परत जाताना काय बसायचं ते बसेन, मधी न्हाई," म्हणाली. दादाकडे कॅलिफोर्नियाला तर जायचंच होतं. हॉटेलात तिला झोप लागत नाही, परक्या संडासात जायचं म्हणून ती पाणीच पीत नाही. ट्रेलरमध्ये संडास आपला, गॅस आपला, गादी आपली. दोन तास गाडी चालवायची, थांबायचं, तिने पाय पसरायचे. माझं हे उत्तर पाठ आहे आणि त्यातलं काहीच खोटं नाही.

पण ते पुरतं खरंही नाही. आम्ही २०२४ च्या एप्रिलमध्ये निघालो, कारण ८ एप्रिलला अर्कान्सामधून खग्रास सूर्यग्रहण जाणार होतं आणि मला ते बघायचं होतं. दादाला हे माहीत नाही, आता कळेल. सगळी आखणी त्या तारखेभोवती होती. गॅसच्या टाक्या असल्या की बाल्टिमोरचे बोगदे बंद, तिथला मोठा पूल २६ मार्चला जहाज धडकून पडलेला, म्हणून आम्ही आतून इंटरस्टेट ८१ धरला. व्हर्जिनियात रस्त्याच्या कडेने रेडबडची झाडं जांभळी-गुलाबी झाली होती. टेनेसीत इंटरस्टेट ४० लागला, तो थेट कॅलिफोर्नियाच्या बार्स्टोपर्यंत.

अर्कान्सातल्या रसेलव्हिलला चार मिनिटांहून अधिक काळोख झाला. आई बाहेर आलीच नाही. पंचांगात लिहिलं होतं की ग्रहण भारतात दिसणार नाही, वेध पाळू नयेत. मी ते वाचूनही दाखवलं. "पर आपण हितं हाय ना?" म्हणाली आणि ट्रेलरचे पडदे ओढून जप करत बसली. दुसऱ्या दिवशी पाडवा. ओक्लाहोमात युफॉला तळ्याकाठी आम्ही ट्रेलरच्या छपरीला गुढी बांधली, तिच्यावर साखरेच्या गाठी नव्हत्या म्हणून आई दिवसभर कुरकुरली. त्या दिवशी ती खूश होती, असं माझं मत आहे. माझ्या नवऱ्याचं नाही.

आता ते टेक्ससचं. दादाने ते नवऱ्याकडून अर्धवट ऐकलंय आणि त्यावरच त्याचा सगळा खटला उभा आहे.

अमारिलोच्या पश्चिमेला जमीन पाटासारखी सपाट आहे. झाड नाही, टेकडी नाही, पवनचक्क्या तेवढ्या. वसंतात तिथे वारा दुपारी सुटतो तो सूर्य मावळेपर्यंत थांबत नाही. आम्ही उशिरा निघालो होतो. न्यू मेक्सिकोत नळ नसलेल्या ठिकाणी मुक्काम करायचा, म्हणून सकाळी पाण्याची टाकी काठोकाठ भरून घेतलेली, चाळीस गॅलन, म्हणजे दीडशे लिटर. आमच्या ट्रेलरमध्ये ही टाकी चाकांच्या मागे आहे.

मी चालवत होते. वारा डावीकडून. डावीकडूनच एक अठरा चाकी मालट्रक पुढे गेला. तो बाजूला होता तोवर वारा अडला होता, तो पुढे सरकताच सगळा एकदम अंगावर आला. ट्रेलरचं मागचं टोक उजवीकडे गेलं, मग डावीकडे, मग उजवीकडे, आणि दर खेपेला आधीपेक्षा जास्त. डबा आता आमच्या ट्रकचं ढुंगण आपल्याबरोबर ओढायला लागला. नवरा ओरडला, "ब्रेक मार!" ब्रेक मारायचा नसतो. ट्रकचा ब्रेक दाबला की मागचं ओझं ट्रकला ढकलतं आणि सगळं आडवं होतं. स्टीअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि डॅशबोर्डखाली ट्रेलरच्या ब्रेकच्या कंट्रोलरची बारकी पट्टी असते ती दाबायची, म्हणजे एकट्या ट्रेलरचे ब्रेक लागतात. मी तेच केलं. दाबून धरलं. आणखी दोन झोले आले, मग ट्रकला मागून ओढ बसली आणि डबा सरळ झाला.

एड्रियन नावाच्या गावाला हायवेवरून बाहेर पडलो. आई खाली उतरली, कानाला पदर गुंडाळून उभी राहिली. म्हणाली, "फलटणच्या रस्त्याला उसाची ट्रॉली हालती तसं हालत हुतं." मी म्हटलं, "वारा होता गं, झालं आता."

"तू भ्यालीस का मगाशी?"

"नाही."

"खोटं बोलतीस. तू न्हाई म्हटल्यावर मी कधी भ्यायचं ते मला कसं कळायचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

तिकडे नवऱ्याने पाण्याची टाकी सोडून दिली. त्याचं म्हणणं, ट्रेलरच्या वजनातलं दहा ते पंधरा टक्के हिचवर, म्हणजे ट्रकला जोडतो त्या सांध्यावर, पडायला हवं. मागे पाणी भरून आपण ते कमी केलं, म्हणून शेपूट नाचली. माझं म्हणणं, त्या वाऱ्याने टाकी रिकामी असती तरी डबा नाचवला असता. हे भांडण अजून मिटलेलं नाही. आईला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. माणच्या दुष्काळात टँकरमागे हंडा घेऊन पळालेली बाई ती. जमिनीवर वाहणारं पाणी बघून ती मघाचं सगळं विसरली. "पाव्हणं, ह्ये काय करताय!" जावयाला ती एवढ्या मोठ्याने कधी बोलली नव्हती. मग पातेली, कुकर, डबे, चहाची किटली, हाताला लागेल ते तिने भरून घेतलं. त्या संध्याकाळी ट्रेलरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि वाऱ्याने डबा हलला की सगळी भांडी डुचमळत होती.

पहाटे वारा पडल्यावर निघालो. आई न सांगता ट्रकमध्ये जाऊन बसली. ती तयार होती, की दुसरा मार्गच नव्हता म्हणून बसली? तिथून विमानतळ तासाभरावर होता. मी तिला म्हटलं होतं, अमारिलोहून विमानाने पाठवते. "तुम्ही म्हणाल तसं," म्हणाली. घरातून निघतानाही हेच म्हणाली होती. मी दोन्ही वेळा त्याचा अर्थ 'ट्रेलरने चालेल' असा घेतला. मागे मी सगळ्यांना ठासून सांगायचे, आईला विचारूनच नेलं. आता तेवढं ठासून सांगत नाही. पण ज्या बाईने उभ्या जन्मात "मला हे हवं" असं म्हटलेलं नाही, तिला विचारायचं तरी कसं, हे मला दादाने सांगावं. त्याने तिची तिकिटं काढली तेव्हा तरी विचारलं होतं का?

गावाकडे तिची दोन बोलणी चालतात. मावशीला सांगते, "माझा जीवच घेत हुती पोरगी." शेजारच्या काकूंना सांगते, "आमी घर संगं घिऊन फिरलो." ग्रहण बघितलं असंही त्यांना सांगून ठेवलंय, मी खोडलं नाही.

मध्ये वैतागून मी दादाला म्हटलं, मला नको, तिलाच विचार. त्याने विचारलं. ती म्हणाली, "तुझ्याकडं यायचं हुतं न्हवं?" दादाच्या मते यात त्याचं उत्तर आलं. मला नाही वाटत.