ड्रिल मशीन खाली ठेवलं तेव्हापासून

गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं दुकान २००६ साली सांगलीत सुरू केलं. त्याआधी चार वर्षं पुण्यात नाना पेठेत एका शेठकडे कामाला होतो. सीट कव्हर ओढणं, हॉर्न बदलणं, दारात स्पीकर बसवणं हे सगळं तिथंच शिकलो. सांगलीला परतलो तेव्हा जवळ एक ड्रिल मशीन, पान्यांचा डबा आणि वडिलांनी पतसंस्थेतून काढून दिलेलं कर्ज, एवढंच होतं. गाळा इतका लहान की गाडी आत यायचीच नाही. रस्त्याच्या कडेला उभी करायची आणि तिथंच काम.

सुरुवातीला घर चाललं ते काळ्या फिल्मवर. मे २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं काचांवरच्या फिल्मला बंदी आली आणि ज्या हातांनी फिल्म चिकटवली त्याच हातांनी ती खरवडून काढायची पाळी आली. मग लोखंडी बंपर गार्ड धरले. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना कळवलं की असले गार्ड लावलेल्या गाड्यांवर कारवाई करा, तो मालही भिंतीला टेकून राहिला. बायको हिशेब बघते. ती म्हणाली, ‘सरकार काढायला लावणार नाही असं काहीतरी विका.’

असं एक काम दुकानात चालू होतंच, पण आम्ही ते चुकीच्या पद्धतीनं करत होतो. डिकीच्या झाकणाच्या कडेला बसणारी उचललेली पट्टी, म्हणजे लिप स्पॉयलर. आमच्याकडे गिऱ्हाईक त्याला सरळ ‘शेपटी’ म्हणतं. पोरांना वाटतं त्यानं गाडी रस्त्याला चिकटून पळते. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळं सांगली-मिरज रोडवर चाळीसनं जाणाऱ्या गाडीला त्याचा काही उपयोग नाही. मी हे तोंडावर सांगतो. शेपटी दिसण्यासाठी लावायची, आणि दिसायला ती छानच दिसते.

आमची जुनी पद्धत अशी: डिकीच्या पत्र्याला चार भोकं पाडायची, खालून स्क्रू आवळायचे, वरून सिलिकॉन फासायचं. पंधरा मिनिटांत गाडी बाहेर. भोकाची कड उघडा पत्रा असते, तिला ना रंग ना प्रायमर, हे कळत होतं. पण सिलिकॉन आहे ना, असं म्हणून सोडून द्यायचो.

मग एक शिक्षक आले. चार वर्षांपूर्वी त्यांच्या गाडीला मीच शेपटी बसवली होती. म्हणाले, ‘मालक, डिकीत कुबट वास येतोय, जरा बघा.’ स्टेपनीचं झाकण उचललं तर खाली पाणी साचलेलं. स्पॉयलर काढला, तर चारही भोकांभोवती रंग फुगला होता. नखानं टोकरला आणि पापुद्र्याखालून तांबूस भुकटी पडली. सिलिकॉन वरून अगदी शाबूत होतं, पाणी त्याच्या खालून शिरलं होतं. मास्तर आवाज चढवून काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. डेंटिंग-पेंटिंगचा खर्च मी दिला आणि डिकीसाठी ड्रिल मशीन हातात घ्यायचं बंद केलं.

पर्याय होता टेपचा. स्टेशनरीच्या दुकानातला पांढरा डबल टेप नव्हे. ॲक्रिलिक फोमचा, एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, लाल प्लास्टिकची पट्टी लावून येतो तो. थ्री एम कंपनीनं व्हीएचबी नावानं हा प्रकार १९८० मध्ये बाजारात आणला. हा फोम घट्ट द्रवासारखा वागतो. दाबला की हळूहळू पसरतो आणि रंगाच्या बारीक खाचाखोचांत भरतो. म्हणूनच त्याला वेळ लागतो. साध्या तापमानाला वीस मिनिटांत निम्मी पकड येते, चोवीस तासांत नव्वद टक्के आणि पुरी पकड बहात्तर तासांनी.

हे सगळं आज सांगतोय. तेव्हा वाटलं होतं, पट्टी सोलली, चिकटवलं, झालं. पहिल्या दोन महिन्यांत दोन शेपट्या सुटल्या.

पहिली सुटली दारातच. गाडी चकचकीत यावी म्हणून गिऱ्हाइकानं आदल्या दिवशी पॉलिश मारून आणली होती. टेप पॉलिशला चिकटला, गाडीला चिकटलाच नाही. दुसरी पेठ नाक्याच्या पुढं हायवेवर उडाली. नशीब, मागं कोणी नव्हतं. गिऱ्हाईक स्पॉयलर उचलून घेऊन आलं आणि काउंटरवर आपटून म्हणालं, ‘हे घ्या तुमचं चिकटवलेलं!’

मी उलटा करून बघितला, तर त्यावर टेप नव्हता. टेप गाडीवरच होता, जागचा हललासुद्धा नव्हता. आणि टेपच्या पाठीवर लांबच्या लांब रंगाची साल होती, पांढरी, सापाच्या कातीसारखी. म्हणजे टेपनं काही सोडलं नव्हतं. स्पॉयलर एबीएस प्लास्टिकचा. रंगाऱ्यानं तो गाडीच्या रंगात रंगवताना प्लास्टिकचा प्रायमर न मारताच खालूनवरून सगळीकडं रंग फवारला होता. रंगानं प्लास्टिक सोडलं.

ती साल मी बरेच दिवस ड्रॉवरमध्ये ठेवली होती. टेप सहसा सुटत नाही, टेपच्या वरचं नाहीतर खालचं काहीतरी सुटतं, हे मला तिनं शिकवलं. त्यानंतर आमचं सगळं काम याच अंगानं बदललं.

रंगाऱ्याकडं स्पॉयलर जाताना टेप बसायच्या जागेवर आम्ही मास्किंग टेप लावूनच देतो. तिथं रंग नको. गाडीला सिरॅमिक कोटिंग असेल तर आधी सांगा म्हणतो, कारण ते कोटिंग काहीच चिकटू नये म्हणूनच असतं. शेपटीखालच्या पट्ट्यापुरतं ते घासून काढावं लागतं. डिकी नुकतीच रंगवलेली असेल तर परत पाठवतो. ओल्या रंगातून सॉल्व्हंट अजून उडत असतो, टेप त्याच्यावर धरत नाही.

स्पॉयलर आधी नुसता ठेवून बघायचा. स्थानिक साच्यातले फायबरचे असतात त्यांची वळणं पुष्कळदा जुळत नाहीत. मध्ये बसला की टोकं उचलतात. टेप सरळ ओढ भरपूर सहन करतो, सोलल्यासारखी ओढ सहन करत नाही. टोक दाबून बसवलं तर ते दिवसरात्र सोलतच राहणार. असा पीस मी लावत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, ‘दोन स्क्रू मारा की टोकाला.’ तिथं आमचं वाजतं.

बसला नीट, तर मोजपट्टीनं डिकीचा मध्य काढायचा. कंपनीच्या लोगोवरून अंदाज धरायचा नाही, लोगो एखाद-दोन मिलिमीटर इकडंतिकडं असू शकतो. मास्किंग टेपनं जागा आखायची. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यानं पुसायचं, एकाच दिशेनं, आणि वाळायच्या आत कोऱ्या कापडानं टिपून घ्यायचं. गोल गोल पुसलं की पॉलिशचं मेण तिथल्या तिथंच फिरतं. वर टेपची पकड वाढवणाऱ्या प्रायमरचा पातळ हात. तो स्पॉयलरखाली झाकल्या जाणाऱ्या पट्ट्यातच, बाहेर आला तर डाग दिसतो. थंडीत सकाळी पत्रा गार असतो, तेव्हा हीट गन लांबून फिरवून तो कोमट करून घेतो. पावसाळ्यात शटर निम्मं ओढून काम.

पुढची युक्ती नव्या पोरांना दाखवली की त्यांचे डोळे चमकतात. लाल पट्टी सगळी सोलायची नाही. दोन्ही टोकांना दोन-दोन इंच सोलून तेवढी पट्टी बाहेर दुमडायची आणि वरून कागदी टेपनं धरायची. स्पॉयलर आखलेल्या खुणेवर ठेवायचा. अजून तो सरकतो, दोन पावलं मागं जाऊन बघायला वाव असतो. मनासारखा बसला की एकजण मधे तळहात ठेवतो, दुसरा लाल पट्टी खालून सावकाश ओढत नेतो. पट्टी तुटली तर शिव्या खाव्या लागतात, म्हणून ओढायचं काम माझ्याकडंच. मग अंगठ्यानं, पुन्हा रोलरनं, मधून टोकाकडं दाबत जायचं. शेवटी आडवे कागदी टेप मारायचे आणि गाडी मलमपट्टी केल्यासारखी घरी जाते.

तीन दिवस धुवायची नाही. प्रेशरच्या नळीचं तोंड आठवडाभर कडेवर धरायचं नाही. डिकी लावताना शेपटीला धरून खाली खेचायची नाही, मधे हात ठेवून दाबायची. हे मी कार्डावर छापून घेतलंय, तरी लोक दुसऱ्याच दिवशी वॉशिंग सेंटरला जातात. आता शनिवारी काम घेतच नाही, कारण रविवार म्हणजे गाडी धुवायचा दिवस.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि आमच्या गाळ्यात छातीइतकं पाणी आलं. सीट कव्हरं, ॲम्प्लिफायर, टेपचे रोल, सगळं गेलं. चिखल काढताना ड्रिल मशीन सापडलं, गंजून चक अडकलेलं. ते भंगारात दिलं. दिवाळीला दुकान पुन्हा उघडलं, थोडा मोठा गाळा घेऊन. आता गाडी आत येते, धूळ कमी, आणि या कामात ते फार मोठं सुख आहे.

पुरानंतर वर्षभरात एका डॉक्टरांच्या सेडानला शेपटी बसवली होती. परवा ते म्हणाले, ‘गाडी विकतोय, घेणाऱ्याला शेपटी नको. डाग तर राहणार नाही ना?’ हीट गननं कडा गरम केल्या, नदीकडच्या दुकानातून आणलेली मासे पकडायची तंगूस दोन हातांना गुंडाळली आणि करवतीसारखी मागंपुढं करत टेप कापत गेलो. दहा मिनिटांत स्पॉयलर हातात. उरलेला फोम अंगठ्यानं चोळून वळ्या करून काढला, कापडानं पुसला.

खालचा रंग नवाकोरा होता, आजूबाजूचा उन्हानं किंचित उतरलेला. डॉक्टर वाकून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, ‘अख्ख्या गाडीलाच चिकटवायला हवा होता.’ शेजारच्या रंगावर पॉलिश मारून फरक मिटवला. तो स्पॉयलर त्यांनी गुंडाळून नेला, नव्या गाडीला बसतो का बघायला. वळण वेगळं आहे, बसणार नाही, हे सांगितलंय.