पाठीवर थाप पडली की

कॉलेजात क्रीडा संचालक म्हणून मला २६ वर्षं झाली. "खेळून पोट भरतं का?" हा प्रश्न स्टाफरूममध्ये दरवर्षी निघतो. माझं उत्तरही ठरलेलं : भरतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, माझी कितीतरी पोरं पोलिसात लागलीत.

त्या दिवशी विषय खो-खोच्या आमच्या कर्णधार मुलीचा होता. अकाउंट्सला हजेरी ५८ टक्के, नियम ७५ चा आणि स्पर्धा चार दिवसांवर. अकाउंट्सच्या सरांनी मस्टर माझ्यापुढे सरकवलं. "ही नापास झाली तर तिच्या बापाला उत्तर कोण देणार? तुम्ही?" त्यांचं चुकत नव्हतं. वडील सेंट्रिंगच्या कामावर जातात, कॉलेजची पायरी चढलेली घरातली ही पहिलीच. सरांना तिची काळजीच होती.

मी पैलवान खाशाबा जाधवांचं उदाहरण दिलं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी स्वतःचं घर! हे सांगताना आजही माझा आवाज चढतो.

"प्रत्येक पोरगी खाशाबा नसते," सर म्हणाले.

शेवटी तिलाच बोलावलं. सरावातून तशीच आली. सूर मारून कोपर सोललेलं, त्यावर ओली माती. सरांनी विचारलं, "कशासाठी खेळतेस? भरतीसाठी?" मी मनात म्हणत होतो, हो म्हण.

"नाही सर, उंचीत बसत नाही मी." जरा थांबली. "चौकात बसलं की पाठीवर थाप पडते, खो! मग कुणाला विचारायचं नसतं. उठायचं नि धावायचं. घरी असं कुणी म्हणत नाही मला."

इतकी वर्षं मी मुलांना नोकरीची आशा दाखवून मैदानावर आणत आलो. ती तिथं का थांबतात, हे एकालाही कधी विचारलं नव्हतं. पुढे काय बोलावं, सुचेना.

सरांनी मस्टर मिटलं. "परत कधी येताय?"

"अठराला, सर."

"मग एकोणीसला सकाळी साडेसातला ये. भागीदारीचं प्रकरण राहिलंय तुझं. आणि ते कोपर धू आधी."