किरकोळ जमा

माझ्या टेबलाच्या उजव्या खणात एक लाल कापडी बांधणीची वही आहे. लांबट, मधोमध दुमडणारी, दोऱ्यानं बांधायची. पहिल्या पानावर श्री, त्याखाली स्वस्तिक, आणि दुसऱ्या पानावर ठळक अक्षरांत शीर्षक : किरकोळ जमा. त्याखालची ताजी नोंद अशी : 'दाढीच्या साबणाबद्दल मत दिले, ४२ गुण, रु. ४.२०.'

शीर्षक काय द्यावं यावर मी दोन दिवस घालवले होते. पहिल्यांदा सुचला होता तो शब्द 'वरकमाई'. अर्थानं अगदी चपखल, पण छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाच्या खणात 'वरकमाई' असं लिहिलेली वही सापडणं बरं नव्हे. या शब्दाला आपण सगळ्यांनी मिळून असा वास लावून ठेवला आहे की तो धुतला तरी जायचा नाही. 'जोडधंदा' म्हणावं तर म्हशी पाळल्यासारखं वाटतं. 'मानधन' तर फारच झालं, साबणाच्या फेसाबद्दल बोलण्यात मान कसला! शेवटी बँकेचाच शब्द कामी आला.

हा उद्योग भाच्यानं लावून दिला. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. सकाळचा पेपर साडेआठला संपायचा आणि नंतर मी घरातल्या प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीवर माझं म्हणणं सांगत फिरायचो. भाचा सुट्टीला आला होता, त्यानं दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी माझा फोन मागून घेतला. "मामा, तुमच्याकडे मतं फार आहेत. ती इथे द्या, पैसे मिळतात."

काम सोपं असतं. कुठली तरी कंपनी विचारते, तुम्ही कोणती चहापत्ती वापरता, का वापरता, डबा बदलला तर ओळखाल का. कधी आठ-दहा जणांना आठवडाभर एकत्र बोलायला बसवतात आणि प्रत्येकाच्या उत्तरागणिक गुण देतात. दहा गुणांचा एक रुपया. पाचशे गुण साठले की पन्नास रुपये खात्यात. बिस्कीट चहात बुडवल्यावर ते कितपत टिकावं या विषयावर मी एकदा अर्ध्या पानाचं उत्तर लिहिलं. बिस्कीट कपाच्या तळाशी जाऊन बसण्याची जी एक मानहानी असते, तिचं वर्णन त्यात होतं. त्याचे साठ गुण मिळाले. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या मताला घरात कवडीची किंमत आली नव्हती आणि इथे परक्या माणसानं सहा रुपये मोजले. मी ते लगेच सुनंदाला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "बिस्कीट बुडवताना कपावर बशी धरा, टेबलावर थेंब पडतात."

तर एका गुणाचे दहा पैसे. दहा पैशाचं नाणं हातात घेऊन किती वर्षं झाली आठवत नाही. चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून व्यवहारातून गेली. आठ आणे कायद्यानं अजून चालतात म्हणे, पण ते देऊन बघा भाजीवाल्याला. माझ्या वहीत मात्र दहा पैसे अजून नोकरीवर आहेत. रु. ४.२०, रु. ३.७०, रु. ५.१०. तो दशांश चिन्हाच्या उजवीकडचा आकडा लिहिताना मला जे बरं वाटतं, ते पेन्शनचा आकडा बघून वाटत नाही.

वहीची सवय वडिलांची. ते सांगलीत हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. दिवसभर दुकानाची कीर्द लिहायची, रात्री खतावणी करायची. बोटांना शाई आणि कपड्यांना हळद, दोन्ही शेवटपर्यंत सुटलं नाही. रविवारी दुकान बंद असे तेव्हा बाजारातले हमाल आमच्या ओसरीवर येत. गावाकडे मनीऑर्डर पाठवायची असे, फॉर्म वडील भरून देत. खाली संदेशासाठी जी चिठ्ठीएवढी जागा असे, तिथे महिन्याभराचं सगळं मावायला हवं : पैसे पोचल्याचं कळवा, म्हाताऱ्याचा खोकला कसा आहे, धाकट्याला शाळेतून काढू नका. बोलणारा पंधरा मिनिटं बोलायचा आणि वडील त्याच्या दोन ओळी करायचे. त्या दोन ओळींसाठी कुणी दहा पैसे ठेवी, कुणी मूठभर शेंगा. पैसे दिवाणजींनी मागितलेले नसत, पण ठेवले तर परतही करत नसत. रात्री त्यांच्या स्वतःच्या छोट्या वहीत नोंद व्हायची. जमा, दहा पैसे. आणि समोर तपशील : 'अमक्याची मनीऑर्डर, आई आजारी.' शेंगांचीसुद्धा नोंद असे, किंमत न लावता.

जमाखर्चात मला आवडतो तो हा तपशिलाचा रकाना. आकडा कुणाचाही असतो, तपशील आपला असतो. माझ्या पासबुकात आता पन्नास रुपये जमा होतात तेव्हा समोर इंग्रजी अक्षरं आणि बारा आकडे असे काहीतरी छापून येतं की तो व्यवहार माझा आहे की शेजाऱ्याचा, देव जाणे. म्हणून मी माझ्या वहीत लिहितो : 'टूथपेस्ट. खोटे बोललो, दिवसातून दोनदा म्हणून सांगितले.'

बँकेत असताना मी काउंटरच्या अलीकडे होतो आणि असल्या माणसांचा मला मनापासून कंटाळा होता. आमच्या शाखेत एक निवृत्त मास्तर यायचे. तेव्हा बचत खात्याचं व्याज दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर मिळायचं. दहाच्या आत पैसे भरले तर त्या महिन्याचं व्याज, अकराला भरले तर हरी हरी. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज सुरू झालं तोवर हेच चाललं. त्यामुळे दहा तारखेला काउंटरवर गर्दी. मास्तर मात्र आठलाच येऊन जायचे, दहावर त्यांचा विश्वास नव्हता. व्याज जमा झालं की पुन्हा यायचे, शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर केलेलं गणित घेऊन. "साहेब, माझं सव्वीस रुपये येतंय, तुम्ही पंचवीस टाकलेत." मागे रांग दाराबाहेर गेलेली असायची. एकदा मी वैतागून खिशातला रुपया काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बोटानं हळूच माझ्याकडे सरकवला. "हा तुमचा आहे. मला माझा हवाय." त्या संध्याकाळी मी हिशेब पुन्हा केला. रुपया त्यांचाच निघाला.

हे आठवायचं कारण गेल्या आषाढात घडलं. माझ्या वहीत एकूण गुण होते ४,३८५ आणि फोनवर दिसत होते ४,३७६. नऊ गुण कमी. म्हणजे नव्वद पैसे.

मी ताबडतोब कंपनीला पत्र लिहायला बसलो. सभ्य पण धारदार असं पत्र लिहिण्याचा मला सराव आहे, नोकरीत तशी मी शेकड्यानं वाचली आहेत. 'रकमेचा प्रश्न नसून तत्त्वाचा आहे' हे वाक्यसुद्धा टाकलं, जे वाचलं की आम्ही बँकेत हसायचो. दुसऱ्या दिवशी गुळगुळीत उत्तर आलं की आपलं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे आणि आम्ही त्याची दखल घेतली आहे. मी आणखी पेटलो. मोलाचं आहे तर नव्वद पैसे द्या की!

रात्री अंथरुणावर पडल्यावर तो आकडा डोक्यात पुन्हा वाजला. नऊ.

चौऱ्याऐंशी साली मी नोकरीला लागलो तेव्हा सगळं हातानं चालायचं. दिवसअखेरीला ताळा जुळला नाही तर कुणी घरी जायचं नाही. माझ्या पहिल्याच महिन्यात त्रेसष्ट रुपयांचा फरक आला. सात वाजले, साडेसात वाजले. सगळे व्हाउचर उलटसुलट करतायत आणि आमचे हेड कॅशियर खुर्चीत शांत बसून सुपारी कातरतायत. मग म्हणाले, "नऊनं भाग जातो का बघा." गेला. "मग पैसे गेलेले नाहीत. कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत." पाच मिनिटांत सापडलं, एका पट्ठ्यानं ९२ चे २९ केले होते. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की येणाऱ्या फरकाला नऊनं भाग जातोच, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. तो पट्ठ्या अर्थात मीच. पुढे छत्तीस वर्षं मी प्रत्येक नव्या पोराला हा मंत्र दिला.

आणि नऊचा फरक आल्यावर नऊ आठवायला मला अख्खा दिवस लागला. समोर चोर दिसत असला की माणूस स्वतःचे खिसे चाचपत नाही. उठलो, दिवा लावला, वही उघडली. १९ तारीख, टूथपेस्ट, ५४. फोनवर बघितलं : ४५.

सकाळी मी कंपनीला माफीचं पत्र लिहिलं, चूक कशी झाली तेही सविस्तर समजावलं, नऊच्या मंत्रासकट. उत्तर आलं की आपलं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे आणि आम्ही त्याची दखल घेतली आहे.

आजपर्यंत चौदा महिने झाले. एकूण ११,२७० गुण, म्हणजे १,१२७ रुपये. पैकी बावीस वेळा पन्नास मिळून अकराशे खात्यात आले, सत्तावीस रुपये येणे. फोनच्या रिचार्जचा भाग वजा केला तर सगळा आतबट्ट्याचा कारभार आहे, हे मला कळतं. ते वजा करायचं नाही असं मी ठरवलं आहे. रिचार्ज तसाही करावाच लागतो, हा युक्तिवाद कर्जदारांनी माझ्यापुढे केला असता तर मी ऐकून घेतला नसता.

विवरणपत्र भरायच्या वेळी मी हे पैसे 'इतर उत्पन्ना'त दाखवायचे म्हटल्यावर आमचे करसल्लागार चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. पण उत्पन्न ते उत्पन्न. गंमत पुढेच आहे. एकूण उत्पन्न दहाच्या पटीत करायचा नियम आहे. शेवटचा आकडा पाच किंवा जास्त असेल तर वरचे दहा, कमी असेल तर खालचे. दाढीच्या साबणाचे माझे ते चार रुपये वीस पैसे, ज्यासाठी मी पाच प्रश्नांची उत्तरं दिली आणि एका जागी 'फेस' हा शब्द तीनदा खोडला, ते सरकारदरबारी आकडा गोल करण्यातच खपून जातात.

पगार छत्तीस वर्षं घेतला, त्याची वही कधी केली नाही. तो महिन्याचा यायचा, मी जागेवर असलो काय नसलो काय. अमुक रुपया अमुक कामाचा असं त्यात बोट ठेवता येत नसे. हे सहा रुपये बिस्किटाचे, हे मात्र मी झोपेत सांगेन.

घरात दुसरी एक किरकोळ जमा आहे आणि तिची वही नाही. सुनंदा श्रावणात आणि दिवाळीला थालीपिठाची, चकलीची भाजणी करून देते. आधी कॉलनीतल्याच बायका न्यायच्या, आता विश्रामबागेतून आणि मिरजेतून फोन येतात. धणे-जिरे किती, हरभराडाळ किती, दळण किती, काही लिहिलेलं नाही. पैसे स्वयंपाकघरात वरच्या फळीवरच्या पितळी डब्यात. मी एकदा तिला म्हटलं, "अगं, निदान जमा-नावे तरी मांडत जा." आणि लिज्जतचं उदाहरण दिलं. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, पहिल्या दिवशी चार पाकिटं निघाली, पण छगनबापा नावाच्या समाजसेवकांनी त्यांना हिशेब चोख ठेवायची शिस्त लावली, म्हणून ते नाव देशभर गेलं, वगैरे. मी हे बऱ्यापैकी रंगवून सांगतो.

ती डाळ भाजत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्या सात होत्या. मी एकटी आहे."

"मग तुला कळतं कसं, किती सुटले ते?"

"डबा उघडला की कळतं."

"आणि मध्ये कुणी काढले तर?"

"अहो, काढणार कोण? मी आणि तुम्ही." मग उलथणं कढईच्या काठावर दोनदा आपटून तिनं गॅस बारीक केला. "गेल्या नागपंचमीला रिक्षाला सुटे नाहीत म्हणून पन्नास घेऊन गेलात. तिथून आलात ते थेट फोन घेऊन बसलात, चहापत्तीचं काहीतरी चाललं होतं."

मी टेबलापाशी आलो, वही काढली. नागपंचमीच्या दिवसाची नोंद होती : 'चहापत्ती, डब्याचा रंग, ३८ गुण.' समोरचं नावेचं पान चौदा महिने कोरं होतं. त्यावर पहिली ओळ लिहिली : सौ. सुनंदा यांचे देणे, रु. ५०. तपशिलात रिक्षा लिहिलं. मग फोन उघडून बघितलं, पुढचे पाचशे व्हायला अजून दोनशे तीस गुण हवे होते.