सकाळी तेर, संध्याकाळी गंजगोलाई

लातूर-धाराशिवकडे एकच मोकळा दिवस हाताशी असेल, तर तेरचं संग्रहालय आणि लातूरची गंजगोलाई ही बाजारपेठ एवढंच ठरवा. क्रम मात्र उलटा करू नका. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापारी गावातला माल आधी डोळ्यांखालून गेला, की आजच्या पेठेत नजर आपोआप मालाकडे, हाताच्या कामाकडे वळते.

लातूरहून बार्शी रस्त्याने मुरूड, ढोकी आणि तिथून आत तेर. निघण्याआधी लातुरातच सुशीला खाऊन घ्या. भिजवून पिळलेले चुरमुरे, मिरची-कांद्याची फोडणी, वरून डाळव्याची पूड. पोटाला हलकं पडतं आणि दुपारपर्यंत टिकतं. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, त्यामुळे सोमवार टाळा आणि सणाच्या आदल्या दिवशी चौकशी करा.

तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलंय, आणि इथलं कापड गाड्यांतून गुजरातेतल्या भडोचच्या बंदरात जायचं असंही म्हटलंय. गावाभोवती पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची टेकाडं आहेत. पावसाने माती वाहून गेली की मणी, नाणी, खापरं उघडी पडतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू आयुष्यभर जपल्या आणि त्यांच्याच नावाने आज हे शासकीय संग्रहालय उभं आहे. गावच्या एका माणसाने हे केलं नसतं तर यातलं कितीतरी पोरांच्या खेळण्यात आणि भंगारात गेलं असतं.

सगळी दालनं धावत पाहण्यापेक्षा मातीच्या छोट्या मूर्तींपाशी थांबा. समोरून चेहरा, दागिने दिसतात, पण खरी गंमत बाजूला आहे. कानापासून खाली जाणारी बारीक शिवण शोधा. पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात दाबायचा आणि ओल असतानाच दोन्ही जोडायचे. मूर्ती आतून पोकळ राहते. भरीव, जाड माती आतून नीट वाळत नाही. भट्टीत त्या ओलीची वाफ होते आणि मूर्ती फुटते. काही मूर्ती पांढऱ्या केओलिन मातीच्या आहेत, त्यांच्यावर केसांची वळणं, कानातले फार स्वच्छ उठलेत. काचेवर उजेड पडून बाजू दिसत नसेल तर दोन पावलं डावीकडे सरका, शिवण दिसते.

तेरला एक हस्तिदंती स्त्रीमूर्तीही सापडली. तिच्या जातकुळीची एक मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली मिळाली, आणि पॉम्पेई तर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं. तसलीच आणखी एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. मराठवाड्यातला माल कुठवर जात होता, हे सांगायला एवढं पुरे.

बाहेर पडल्यावर त्रिविक्रम मंदिर बघाच. विटांचं, मागची बाजू अर्धगोल, गजपृष्ठ म्हणजे हत्तीच्या पाठीसारखी. मूळचं बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा असावी असं अभ्यासक मानतात. पायरीवरून दर्शन घेऊन परत फिरू नका, मागे वळसा घाला, गोलाई तिथूनच कळते. मग तेरणाकाठी गोरोबाकाकांचं मंदिर.

जेवायला लातूर गाठा. खानावळीत ज्वारीची भाकरी, येसर आमटी, ठेचा मागा. येसर म्हणजे भाजलेली धान्यं, डाळ आणि मसाल्याचं पीठ. विकत घेतलंत तर घरी चौघांना चार चमचे पुरतं, पण आधी गार पाण्यात कालवून मगच उकळत्या फोडणीत ओता. कोरडं टाकलं की गुठळ्या झाल्याच, आणि त्या पुढे मोडत नाहीत.

ऊन उतरल्यावर गंजगोलाई. १९१७ सालची ही गोल पेठ, मधोमध अंबाबाईचं मंदिर आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे १६ रस्ते. सराफी, कापड, चपला, मिरची, गूळ, ज्याची त्याची गल्ली. नवखा माणूस इथे हमखास चकतो, कारण सगळे रस्ते सारखेच दिसतात. ज्या रस्त्याने आत आलात त्याच्या तोंडावरच्या दुकानाची पाटी लक्षात ठेवा आणि गोलाईला आधी एक पूर्ण फेरी मारा. खरेदी दुसऱ्या फेरीत. गाडी आत घालू नका.

घ्यायचंच तर चिंच आणि तूरडाळ. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची डाळ, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. नवी चिंच उन्हाळ्याच्या तोंडाला येते, तांबूस असते. काळपट झाली ती जुनी. आमटीला जुनीही चालते, पण ती नव्याच्या भावात घेऊ नका. चिंचोके काढलेली घ्या, घरी शिरा ओढून काढा, एक ऊन द्या आणि किलोला साधारण शंभर ग्रॅम खडे मीठ चोळून चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा. मीठ कमी पडलं किंवा ओल राहिली की बुरशी धरते. डाळ फार चकचकीत असेल तर ती पॉलिशची. मंद रंगाची, तळहातावर चोळल्यावर किंचित पीठ सोडणारी घ्या.

परतीचा रस्ता तुळजापूर-सोलापूरकडचा असेल तर औसा तालुक्यातल्या उजनीला गाडी थांबवा. तिथली बासुंदी प्रसिद्ध आहे. सोबत न्यायची असेल तर बर्फाचा डबा हवा, उन्हाळ्यात त्याशिवाय ती घरापर्यंत टिकत नाही.