पिचर भारी असली की अंपायरला आराम? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

मी सॉफ्टबॉलची अंपायर आहे हे कळलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे क्रिकेटसारखंच ना?" तो मी सोडून देते. दुसरा प्रश्न थोडंफार कळणारे लोक विचारतात, आणि तो इतक्यांदा विचारून झालाय की आता लिहूनच टाकते. "मॅडम, पिचर (बॉल टाकणारी) भारी असेल, कोणाची बॅटच लागत नसेल, तर तुम्हाला आरामच की! पळापळ नाही, सेफ-आउटची भांडणं नाहीत."

अहो उलट आहे. बॅट लागते तेव्हा फिल्डर पळतात, बेसवरचा अंपायर पळतो, काम वाटलं जातं. बॅट लागेनाशी झाली की सगळी मॅच होम प्लेटच्या, म्हणजे बॅटरच्या समोरच्या जमिनीवरच्या पाटीच्या, मागे येऊन माझ्या मानेवर बसते. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर ४३ फुटांवर, हात कमरेखालून गरकन फिरवून टाकणार, बॉल १२ इंच घेराचा, प्लेट १७ इंच रुंद आणि उंची काखेपासून गुडघ्यापर्यंत, ही चौकट म्हणजे स्ट्राइक झोन. चांगल्या पिचरचा बॉल यायला धड अर्धा सेकंद पण लागत नाही आणि तेवढ्यात मी ठरवायचं, बॉल झोनमधून गेला (म्हणजे स्ट्राइक, तीन झाल्या की बॅटर आउट) की बाहेरून. वर कॅचर, प्लेटमागे बसून बॉल पकडणारी, लबाड, बॉल खाली धरला की ग्लोव्ह हळूच वर आणणार, जणू तिथेच होता. हे प्रत्येक बॉलला, वाकून, मास्क आणि चेस्टगार्ड घालून, आणि ते पण रत्नागिरीकडच्या सड्यावर ऑक्टोबरच्या उन्हात, खाली कातळ तापलेला आणि वारा समुद्राकडून आला तर आला!

आमच्याकडे अजून एक गंमत असते, शाळेच्या टीमला पिचर बहुतेक एकच. तीच सकाळी टाकणार, तीच दुपारी, तीच फायनलला. हसू नका, २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन मॅच मिळून ४१३ बॉल टाकले होते आणि शेवटी अमेरिकेला हरवून गोल्ड नेलं. लोक तिच्या हाताबद्दल बोलतात, मला मात्र प्लेटमागे उभे राहणारेच आठवतात.

तर ती मॅच. जिल्हास्तर, मुली, १७ वर्षांखालच्या. पिचर डावखुरी, हडकुळी, दोन वेण्या लाल रिबिनीने वर बांधलेल्या. पहिल्या इनिंगला तीन आल्या तीन गेल्या. दुसऱ्या इनिंगलाही तेच. चौथ्या इनिंगपर्यंत तिच्या टीमची लेफ्टफिल्डर चक्क खाली बसून बुटातले खडे काढत होती, कारण तिकडे बॉल जातच नव्हता. पोरींना कळत नव्हतं पण मला कळत होतं की परफेक्ट गेम चाललाय. म्हणजे सात इनिंग, २१ बॅटर, एकही बेसवर नाही. हिट नाही, वॉक (चार बॉल झोनबाहेर पडले की बॅटरला मिळणारा फुकटचा फर्स्ट बेस) नाही, एरर म्हणजे फिल्डरची चूक नाही, काहीच नाही.

आणि इथे गडबड होते. तीस-चाळीस बॉल एका जागी पडताना बघितले की तुमचे डोळे त्या पोरीचे होतात. ती कडेला टाकते, तुम्ही स्ट्राइक देता. मग ती अजून थोडं कडेला टाकते. झोन कोणी मुद्दाम वाढवत नाही हो, तो आपोआप वाढतो, भाकरी थापताना वाढते तसा.

सहावी इनिंग, दोन आउट, फुल काउंट, म्हणजे तीन बॉल झोनबाहेर आणि दोन स्ट्राइक. पुढचा बॉल खाली पडला. गुडघ्याच्या खाली, चांगला चार बोटं. वॉक द्यायचा होता. माझा हात वर गेला होता आणि तोंडातून "स्ट्राइक थ्री" निघालं पण होतं. बॅटर सावळीशी, गोल चेहऱ्याची, तिने एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. बोलली काही नाही. बॅट उचलून गेली.

सातवीत मजाच झाली. पहिल्याच बॅटरने तिसऱ्या स्ट्राइकला बॅट फिरवली, चुकली, पण बॉल कॅचरच्या हातून निसटला तो थेट मागच्या जांभ्याच्या गडग्याला जाऊन लागला. पोरगी हुशार, पळत सुटली आणि फर्स्ट बेसला सेफ. गडग्यावर बसलेले एक आजोबा ओरडले, "अहो मॅडम, ती आउट ना? मग धावत्ये कशाला?" नियम असाय की कॅचरने तिसरी स्ट्राइक पकडली नाही आणि फर्स्ट बेस रिकामा असेल, किंवा दोन आउट झालेले असतील, तर बॅटर पळू शकते. आणि परफेक्ट गेममध्ये फर्स्ट बेस कायम रिकामाच की! पिचरच्या नावावर स्ट्राइकआउट लागला, नो-हिटर (एकही हिट न दिलेली मॅच) पण राहिला, परफेक्ट गेम तेवढा गेला. म्हणजे मी दिलेलं फुकटचं दान नियमाने परत घेतलं. खरं सांगते, मला बरं वाटलं.

बेसबॉलमध्ये अंपायर जिम जॉइसचं नाव सगळ्यांना माहितीये. २ जून २०१०, डेट्रॉइट, २७वा म्हणजे शेवटचा बॅटर, फर्स्ट बेसवर आउट असताना त्याने सेफ दिलं आणि पिचर गलारागाचा परफेक्ट गेम गेला. माणसाने चूक कबूल केली, दुसऱ्या दिवशी गलारागा स्वतः त्याला लाइनअप कार्ड (टीमच्या खेळाडूंची यादी) द्यायला आला. आणि १९५६च्या वर्ल्ड सिरीजमध्ये पिचर डॉन लार्सनच्या परफेक्ट गेमचा शेवटचा बॉल? अंपायर बेब पिनेलीने तो स्ट्राइक दिला, बॅटर डेल मिचेल म्हणत राहिला की बॉल बाहेर होता. पण तो फोटो बघा, सगळं जग कॅचरने पिचरला मारलेली उडी बघतं, मिचेलकडे कोण बघतंय. पिचरच्या विरुद्ध चुकलात तर जन्मभर ऐकावं लागतं, तिच्या बाजूने चुकलात तर कोणी विचारायलाही येत नाही.

मलाही कोणी आलं नाही. हरलेल्या टीमचे सर कोकम सरबताचा ग्लास घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, आज झोन एकदम कडक होता तुमचा." मी सरबत प्यायले.

सामान आवरत होते तेवढ्यात ती गोल चेहऱ्याची पोरगी पळत आली. प्लेट झाडायचा माझा ब्रश तिथेच राहिला होता, लाल मातीने आणि फक्कीने भरलेला. "मॅडम, तुमचा ब्रश." मी तो घेतला आणि तिला जेवलीस का विचारलं.