मलिदा आणि माझं आमेन

बुधवार, रात्रीचे साडेअकरा

मी आमेन म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. आमच्या चर्चच्या ब्रदरनी प्रार्थनेच्या शेवटी आवाज चढवला आणि त्या चढावर तोंडातून नेहमी जे येतं ते आलं, एवढंच. आज चौथा दिवस. भांडी घासताना, लोकलमध्ये, मधेच ते आमेन माझ्याच आवाजात ऐकू येतं.

रविवारी शेजारच्या मावशीकडे मलिदा होता, म्हणजे बेने इस्रायलींचा, कोकणातल्या यहुद्यांचा, एलीया संदेष्ट्याच्या नावाने होणारा विधी. ती इस्रायलला जाण्याआधीचा. प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवण्यात अर्धी दुपार गेली, दहावा माणूस जिना चढून आला तेव्हा बायकांनी टाळ्याच वाजवायच्या बाकी ठेवल्या. चादरीवर ते मोठं ताट: धुऊन मऊ झालेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, बदामाचे काप, कडेने खजूर, केळी, सफरचंदाच्या फोडी. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे त्याच एलीयाचं, गाणं झालं. हिब्रूचा एक शब्द मला कळत नाही, पण चाल पाठ आहे, बावीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेली. मग मावशीनेच हौसेने म्हटलं, चर्चची मंडळी आलीयेत, त्यांनीही दोन शब्द बोलावेत.

ब्रदर दोन शब्दांवर कधी थांबलेत? यहेज्केल संदेष्ट्याची सुकी हाडं झाली, जखऱ्या संदेष्टा झाला, 1948 ची इस्रायलची स्थापना झाली. देव आपल्या लोकांना चारी दिशांनी गोळा करतोय, या बहिणीच्या जाण्याने तेच वचन पूर्ण होतंय, म्हणजे प्रभूचं दुसरं येणं दारात आलंय. आमेन.

मावशी गुडघा चोळत म्हणाली, "अहो, मी नातवाला सांभाळायला चाललेय. सुनेची रजा संपतेय." सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने.

तेच टोचतंय की काय? हसणं? नाही, आमेनच. हसणं तिच्या बाजूचं होतं.

काल झोप येईना म्हणून जखऱ्या काढला. ब्रदर बाराव्या अध्यायावर थांबले होते, मी तेरावा वाचला. देशातले दोन भाग नाश पावतील, तिसरा उरेल, आणि तो उरलेलाही रुप्यासारखा आगीतून गाळला जाईल. पुष्कळ लोक हे जुन्या काळाबद्दल वाचतात. ब्रदर ज्या शिकवणीतले आहेत तिच्यात मात्र हा पुढचा हिशेब आहे: यहूदी परततील, मोठं संकट येईल, बहुतेक मरतील, उरलेले येशूला मशीहा म्हणून ओळखतील, आणि मग हजार वर्षांचं राज्य. ही जुळणी प्रेषितांपासून अशीच्या अशी चालत आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात डार्बी नावाच्या प्रचारकाने ती बांधली, 1909 मध्ये स्कोफील्ड या अमेरिकन पाळकाने आपल्या बायबलच्या तळटिपांत बसवली. वचनाखाली त्याच पानावर छापलेली टीप हळूहळू वचनच वाटायला लागते.

मावशीच्या तिकिटाचं एवढं कौतुक झालं, दोन भागांचं नाव कुणी काढलं नाही. प्रेमाने बोलत होते ब्रदर, खोटं कशाला बोलू. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. पण मी आमेन नेमकं कशाला म्हटलं? तिकिटाला की हिशेबाला?

वसईच्या कॅथलिक वहिनीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आमच्यात तर गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत यहुद्यांना सरळ विश्वासहीन म्हणायचे, लॅटिनमध्ये, शतकानुशतकं. तो शब्द 1959 मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी काढायला लावला. मग 1965 मध्ये व्हॅटिकन परिषदेने लिहूनच टाकलं की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष सरसकट सगळ्या यहुद्यांवर घालता येत नाही. "आमच्याकडे काढणारा पोप तरी आहे. तुमच्याकडे कोण काढणार गं?" मी म्हटलं, ठेवते, कुकर झालाय. कुकर झाला नव्हता.

कोण काढणार, खरंच. आमच्याकडे जो तो आपला पोप. आणि मी? कमिटीत नाही, क्वायरमध्ये नाही, मागून तिसऱ्या बाकावर बसणारी. माझ्या आमेनने ना वचन पूर्ण होतं, ना अडतं. मावशी गेली की माझ्या दाराची कडी वाजवणारं या मजल्यावर कुणी उरत नाही, हे मला रविवारी म्हणायचं होतं. ते राहिलं. बोलले ते नेमकं एक आमेन. शब्दही मावशीच्याच लोकांचा, हिब्रू.

यहूदी ख्रिस्ताला ओळखतील ही आमच्या लोकांची आशा तशी जुनीच. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईला आले आणि 1832 मध्ये त्यांनी बेने इस्रायलींसाठी चक्क मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. मिशनच्या शाळांत कोकणातल्या शनिवार तेल्यांची, म्हणजे याच बेने इस्रायलींची, मुलं दाटीने बसली. आपलं शास्त्र वाचतील आणि त्यात त्यांना ख्रिस्त दिसेल, असा अंदाज. मुलं शिकली, शास्त्र वाचलं, आणि आणखी नेटाने सिनेगॉगमध्ये जायला लागली. ख्रिस्ती झाले ते फार थोडे. मावशी हे सांगताना नेहमी म्हणते, "फी तर कुठे मागितली होती त्यांनी!"

आणि परत जाण्याचं म्हणाल तर, जे आधी गेले त्यांना 1962 मध्ये तिथल्या रब्बींनी लग्नाच्या वेळी आई, आजी, पणजीची चौकशी लावली. तुम्ही पुरते यहूदी कशावरून? भविष्यवाणी पूर्ण करायला आलेल्यांकडे वंशावळ मागितली! धरणं धरावं लागलं, 1964 मध्ये सरकारने ठणकावून सांगितलं तेव्हा कुठे मिटलं. हे ब्रदरच्या तक्त्यात कुठे बसतं कोण जाणे.

आज दुपारी पौलाच्या रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय वाचला. जैतुनाच्या कलमाचा. एका पावसाळ्यात मावशीच्या चुलतभावाने रेवदंड्याला मला कोयकलम बांधून दाखवलं होतं. रायवळची कोय रुजलेली, कोवळा तांबूस खुंट. त्याला चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून आत बसवायची, वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट. खुंट रानचा, काडी जातिवंत. पौल बरोबर उलटं सांगतो: झाड बागेतलं, म्हणजे इस्रायल, आणि काडी रानातली, म्हणजे यहूदी नसलेले ख्रिस्ती. तंबू शिवणारा माणूस, बागायतदार थोडाच. पण त्यालाही ठाऊक आहे, पुढे स्वतःच म्हणतो की हे निसर्गाच्या विरुद्ध झालंय. आणि त्याआधी रोमच्या अशा ख्रिस्त्यांना दम देतो, तोडलेल्या फांद्यांपुढे फुशारकी मारू नका, मूळ तुम्ही उचलून धरलेलं नाही, मुळाने तुम्हाला धरलंय.

म्हणजे आम्ही रायवळ. एकटीच हसले स्वयंपाकघरात. चार दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. आंबट, केसाळ, पण लोणच्याला चालणारे.

त्याच अध्यायात पुढे सर्व इस्रायलाचं तारण होईल असंही आहे. कसं, कधी, ते पौल गूढ म्हणून सोडून देतो. तळटीप घालत नाही.

एलीयाचंही तसंच. आमच्या हिशेबाने तो बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या रूपाने येऊन गेला, मत्तयात लिहिलंय. मावशीच्या हिशेबाने यायचाय. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणांचा खडक आहे, तिथे तिने मला नेलं होतं. मी खुणा बघितल्या आणि काहीच बोलले नाही. तिनेही विचारलं नाही.

संध्याकाळी तिचा निरोप आला. पोचली. मुलाचा फ्लॅट अश्दोदला, म्हणजे बायबलात जिथे पलिष्ट्यांचा देव दागोन तोंडावर पडला होता तिथे. लिफ्ट बंद आहे म्हणे. मी लांबलचक लिहायला घेतलं, रविवारचं, आमेनचं, माफी वगैरे. वाचलं आणि पुसलं. मग विचारलं, मलिद्याचे पोहे किती वेळ भिजवायचे?

लगेच आवाजी निरोप. मागे नातू रडत होता. "भिजवतेस कसले! चाळणीत धू आणि निथळत ठेव. जाडे नको घेऊस. आणि खोबरं ओलं घे, मागच्या वेळी सुकं घातलंस ते मला कळलं होतं."